मद्रास कुठे बदलावे, कुठे राखावे

1996 मध्ये मद्रास शहराचे अधिकृत नाव चेन्नई झाले. परंतु 1857 मध्ये स्थापन झालेले मद्रास विद्यापीठ, मद्रास उच्च न्यायालय आणि आयआयटी मद्रास या संस्थांनी जुनेच नाव राखले. त्यामुळे एखाद्या जुन्या मराठी मजकुरात सरसकट शब्दबदल केल्यास न्यायालयाचे नाव चुकते आणि ‘मद्रासी’ या शब्दाचे ‘चेन्नईी’ असे विद्रूप रूप होते.

अशा कामासाठी पायथन या संगणकभाषेत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’, म्हणजे शोधायच्या मजकुराचा आकृतिबंध सांगणारी सांकेतिक रचना, वापरली जाते. तिचा पाया गणिती स्टीफन क्लीन यांनी 1950 च्या दशकात घातला.

(?<!आयआयटी )मद्रास(?! उच्च न्यायालय| विद्यापीठ|ी)

येथील पहिला कंस मागे आणि शेवटचा पुढे डोकावून पाहतो. त्यांतील मजकूर आढळल्यास ‘मद्रास’ला हात लावला जात नाही, मात्र ‘मद्रासला’चे ‘चेन्नईला’ बिनचूक होते, कारण उभ्या रेघेने, म्हणजे ‘किंवा’ने, जोडलेल्या पर्यायांत ‘ला’ नाही.

शब्दाची सीमा ओळखणारी तयार खूण येथे का वापरली नाही, हा प्रश्न रास्त आहे. पायथनचे मूळ ‘आरई’ मॉड्यूल काना, वेलांटी आणि हलन्त यांना शब्दाचे घटक मानत नाही. परिणामी ‘मद्रासी’मधील ‘स’नंतर त्याला शब्द संपल्यासारखा वाटतो, तर ‘मद्रासला’मध्ये तसा वाटत नाही, म्हणजे नेमके उलटे घडते. देवनागरीबाबतची ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.