कारणाचा रकाना

इ. स. १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें गांजा, भांग व चरस यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठीं एक कमिशन नेमिलें. या कमिशननें ठिकठिकाणीं हिंडून ११९३ साक्षीदारांच्या साक्षी नोंदविल्या व पुढील सालीं आपला विस्तृत अहवाल सादर केला. तोंपर्यंत वेड्यांच्या इस्पितळांतील आंकडे पुढें करून असें सांगण्यांत येत असे कीं, या देशांतील वेडाचें एक प्रमुख कारण गांजा होय. कमिशननें ते आंकडे मुळापासून तपासले, तेव्हां एक विचार करावयास लावणारी गोष्ट उघडकीस आली. रोग्यास इस्पितळांत पाठवितांना पोलिसांस एक छापील तक्ता भरावा लागे व त्यांत 'वेडाचें कारण' असा एक रकाना असे. खरें कारण बहुधा कोणासच ठाऊक नसे. परंतु रकाना रिकामा राहिलेला चालत नसे. मग तेथें 'गांजा' हा शब्द लिहून शिपाई मोकळा होई, आणि पुढें त्याच शब्दांची बेरीज आंकडेशास्त्र म्हणून छापली जाई.

कमिशननें निष्कर्ष काढला तो असा कीं, गांजामुळें होणाऱ्या वेडाविषयीं आजवर फार अतिशयोक्ति झाली आहे. तथापि गांजानें कधींकधीं वेड लागतें याविषयींहि शंका नाहीं. या वाक्याचीं दोन्हीं अर्धें सारखींच महत्त्वाचीं आहेत. पुढील सव्वाशें वर्षांत या विषयावर जें वैद्यकीय संशोधन झालें, तें बव्हंशीं या दोन अर्धांचा नेमका हिशेब लावण्याचेंच काम होय.

हा विषय मी येथें कां काढला, हें सांगणें प्राप्त आहे. अठरा-वीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. संस्कृतांत त्याची बुद्धि चांगली चाले. दहावीच्या वर्षीं तो हळूहळू बदलला. प्रश्न विचारला असतां उत्तर देईना; मागील बाकावर एकटाच बसे; मधूनच आपल्याशीं हंसे; अक्षर इतकें बिघडलें कीं वही ओळखूं येईना. टवाळ मुलांत तो ऊठबस करतो असें कानावर आलें होतें. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला : 'आळस व कुसंगति'. एवढें लिहून माझें कर्तव्य संपलें असें मला वाटलें. दोन वर्षांनीं त्याची आई रस्त्यांत भेटली. मुलास स्किझोफ्रेनिया हा मनोविकार झाला असून उपचार चालू आहेत, वर्षभर तो गांजा ओढीत होता, आणि त्याच्या एका चुलत्यासहि हाच विकार होता, हें तिनें सांगितलें. शेवटीं ती म्हणाली, "सर, चुलत्यांचें आम्ही त्याला कधीं सांगितलेंच नाहीं." त्या शिपायानें जो रकाना भरला, तोच मींहि भरला होता, हें मला त्या दिवशीं उमगलें.

स्किझोफ्रेनिया हें नांव स्विस वैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं प्रचारांत आणिलें. एका शरीरांत दोन माणसें, असा जो समज नाटक-सिनेमांमुळें पसरला आहे, त्याचा या विकाराशीं संबंध नाहीं. विचारांची सांखळी तुटणें, नसलेले आवाज ऐकूं येणें, लोक आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी खात्री होणें, आणि उत्साह, बोलणें, माया यांचा झरा आटत जाणें, हीं त्याचीं मुख्य लक्षणें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें दर ३०० माणसांत एकास हा विकार असतो. तो बहुधा पंधरा ते तीस या वयांत, म्हणजे घरानें मुलाविषयीं आशा बांधाव्या त्याच वयांत, प्रकट होतो.

आतां नशेकडे वळूं. स्वीडन देशांत १९६९-७० सालीं लष्करी सेवेसाठीं बोलाविलेल्या तरुणांस त्यांच्या व्यसनांविषयीं प्रश्न विचारण्यांत आले होते. त्यांपैकीं ४५,५७० जणांचा पुढील पंधरा वर्षांचा मागोवा आंद्रेआसन व त्यांचे सहकारी यांनीं इस्पितळांच्या नोंदींवरून घेतला, आणि तो १९८७ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. भरतीपूर्वीं पन्नासाहून अधिक वेळां गांजा-चरस सेवन केलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण, मुळींच न सेवन केलेल्यांच्या सहापट आढळलें. याच तरुणांची सत्तावीस वर्षांची हकीकत २००२ सालीं प्रसिद्ध झाली. इतर अनेक गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरहि फरक सुमारें तिपटीचा उरलाच.

येथें चिकित्सक वाचक विचारील : कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, असें तर नव्हे? न्यायशास्त्रांत घटाचीं कारणें सांगतांना माती, चाक, दांडा यांची गणना करतात. पण ज्या गाढवानें माती वाहून आणली, त्यास कारण मानीत नाहींत. गाढव अंगणांत हजर असतें एवढेंच. मग गांजा हा दांडा कीं गाढव? ज्याचें मन आधींच बिघडूं लागलें आहे, तो स्वस्थतेसाठीं गांजाकडे वळत असेल, तर दोष रोगाचा आणि नांव मात्र गांजाचें!

या शंकेचें समाधान करण्यास न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहराचें संशोधन उपयोगी पडतें. तेथें १९७२-७३ सालीं जन्मलेल्या मुलांची पाहणी लहानपणापासून चालली आहे. अकराव्या वर्षींच त्यांस, तुम्हांस विचित्र भास होतात काय, असें विचारलें होतें; पुढें नशेविषयीं विचारलें; आणि सव्विसाव्या वर्षीं त्यांची मानसिक तपासणी झाली. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा ओढूं लागलेल्यांपैकीं शेंकडा १० जणांत स्किझोफ्रेनियासारखा विकार दिसला; इतरांत शेंकडा ३. उशिरा सुरुवात करणाऱ्यांत धोका पुष्कळ कमी होता. अकराव्या वर्षींचीं लक्षणें हिशेबांत धरल्यावर हा फरक कमी झाला, आणि मुलांची संख्याहि लहान होती, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तरी पण एक गोष्ट स्पष्ट झाली : ओढतो कोण याइतकेंच, कोणत्या वयांत ओढतो याला महत्त्व आहे.

असें कां व्हावें? गांजांतील मादक द्रव्य टी. एच. सी. हें १९६४ सालीं इस्राएलमध्यें मेशुलाम व गाओनी यांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. पुढें असें कळलें कीं, मेंदूंत या द्रव्यास जागा देणारीं जणूं कुलुपें आहेत. निसर्गानें तीं गांजासाठीं खास केलेलीं नव्हत. त्यांची खरी किल्ली मेंदूंतच तयार होते. ही किल्ली १९९२ सालीं सांपडली आणि शास्त्रज्ञांनीं आपल्या 'आनंद' या शब्दावरून तिचें नांव 'आनंदामाइड' असें ठेविलें. पौगंडावस्थेंत मेंदूच्या पेशींतील अनावश्यक जोडण्या छाटल्या जातात, आवश्यक त्या पक्क्या होतात, आणि विचार व संयम यांचा पुढील भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. या घडणींत ही नैसर्गिक किल्ली कामीं येते. अशा वेळीं बाहेरून बळजबरीची किल्ली रोज फिरविली, तर घडी विस्कटण्याचा संभव वाढतो. शिवाय हल्लींचा मालहि पूर्वींचा राहिला नाहीं. अमेरिकेंत जप्त केलेल्या गांजांत १९९५ सालीं टी. एच. सी. शेंकडा ४ च्या आसपास होतें. २०१४ सालीं तें शेंकडा १२ च्या सुमारास भरलें. युरोप व ब्राझील येथील अकरा ठिकाणांची पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत रोज ओढणाऱ्यांत मनोविक्षिप्ततेचा धोका सुमारें तिप्पट, आणि रोज तीव्र माल ओढणाऱ्यांत जवळजवळ पांचपट दिसला. 'आमचे आजोबा शिवरात्रीस भांग घेत, त्यांस काय झालें?' असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. प्रौढ माणसानें वर्षांतून एकदां घेतलेला पेला आणि पंधरा वर्षांच्या मुलाची रोजची चिलीम, यांत महदंतर आहे. १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस यांवर बंदी घातली व भांगेचीं पानें तींतून वगळलीं. पण भांगेंतील मादक द्रव्य तेंच आहे, आणि कोंवळा मेंदू कायद्याचें पुस्तक वाचीत नाहीं.

आतां दुसरी बाजू. गांजा ओढणाऱ्यांपैकीं बहुसंख्यांस हा विकार होत नाहीं, आणि विकार होणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं गांजाला स्पर्शहि केलेला नसतो. एकरूप जुळ्या भावंडांपैकीं एकास स्किझोफ्रेनिया असेल, तर दुसऱ्यास तो होण्याचा संभव शेंकडा ४० ते ५० सांगतात. यावरून आनुवंशिकतेचें बळ दिसतें आणि तिची मर्यादाहि दिसते. कारण राहिलेले निम्मे निरोगी राहतात. शिवाय अलीकडील आनुवंशिक संशोधनावरून असेंहि दिसतें कीं, ज्यांच्या रक्तांत या विकाराचा कल आहे, ते नशेकडेहि अधिक झुकतात. तात्पर्य, गाढवाचा थोडा अंश येथें आहे, पण दांड्याचाहि आहे. माती आपणांस पूर्वजांकडून मिळते, ती बदलतां येत नाहीं. दांडा मात्र हातांतून खालीं ठेवितां येतो. सर्व कारणांत हेंच एक आपल्या ताब्यांतलें आहे. म्हणून त्याचें महत्त्व.

यावरून कुटुंबानें काय बोध घ्यावा? पहिली गोष्ट, घरांतील मनोविकाराचा इतिहास मुलांपासून लपवूं नये. मधुमेह आजोबांस होता हें आपण चारचौघांत सांगतों. पण माजघराच्या मागील खोलींत आयुष्य काढलेल्या काकांविषयीं, मुलींचीं लग्नें अडतील या भीतीनें, अवाक्षर काढीत नाहीं. या मौनाची किंमत तोच मुलगा देतो, ज्यास सावधगिरीची सर्वांत अधिक गरज असते. 'आपल्या घरांत हा विकार आहे, म्हणून मित्रांनीं चिलीम पुढें केली तरी ती तुझ्यासाठीं नाहीं', हें वाक्य रागावून नव्हे, तर जवळ बसवून सांगावें.

दुसरी गोष्ट, मुलगा एकाएकीं एकलकोंडा झाला, रात्रीचा दिवस करूं लागला, अभ्यासांतून उतरला, संशय घेऊं लागला, तर 'वयच तसें आहे' किंवा 'नजर लागली' म्हणून बसूं नये. नशा सुटली कीं सर्व आपोआप निवळेल असेंहि गृहीत धरूं नये. फिनलंडमधील २०१३ सालच्या संशोधनांत, गांजामुळें मनोविक्षिप्तता होऊन इस्पितळांत आलेल्यांपैकीं शेंकडा ४६ जणांचें निदान आठ वर्षांच्या आंत स्किझोफ्रेनिया-वर्गांतील विकार असें झालें. मनोविकारतज्ज्ञांकडे जितकें लवकर जावें तितकें हित अधिक. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनि-सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. कोणाकडे जावें हें न सुचल्यास तेथून आरंभ करावा. आणि उपचार सुरू झाल्यावर नशा कटाक्षानें बंद ठेवावी; ती चालू ठेवणाऱ्यांत दुखणें उलटण्याचें प्रमाण अधिक असतें.

तिसरी गोष्ट, दोषारोप टाळावा. 'तूंच गांजा ओढून हें ओढवून घेतलेंस' असें आजारी मुलास ऐकविणें, हें त्या शिपायाच्या रकान्याहून निराळें नाहीं. त्यानें रोगी बरा होत नाहीं. सांगणाऱ्याचें ओझें मात्र हलकें होतें.

तो विद्यार्थी आतां पस्तिशीच्या घरांत आहे. औषध नियमित घेतो, एका छापखान्यांत मुद्रितें तपासतो, आणि ऱ्हस्वदीर्घांत अजून माझ्याहून काटेकोर आहे. मागील वर्षीं तो भेटावयास आला, तेव्हां मीं त्या शेऱ्याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो शेरा त्याला पाठच होता. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "सर, त्या वेळीं तुम्हीं कांहींच लिहिलें नसतें आणि नुसतें घरीं येऊन विचारलें असतें, तर बरें झालें असतें." त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. तें अजूनहि सुचलेलें नाहीं.