रातकिड्याच्या गाण्याचें मोल

पावसाळा सरत आला आणि धानाला लोंब्या येऊं लागल्या, कीं चिमूरच्या परिसरांत दिवेलागणीबरोबर धुऱ्याधुऱ्यांतून एकच किरकिर सुरू होते. धुऱ्यावरून कोणी चालूं लागला, तर पावलाजवळचा आवाज तेवढा चटकन् बंद पडतो. माणूस दूर गेला कीं मागें पुन्हां सुरू. रातकिड्याच्या शेपटाशीं दोन बारीक, केसाळ शेंड्या असतात. हवेची लहानशी झुळूकही त्यांस कळते, आणि जमिनीचा कंप त्याच्या पायांस जाणवतो.

उन्हाळ्यांत ताडोबाच्या जंगलांत भरदिवसां झाडांवरून कानठळ्या बसविणारा जो आवाज येतो, तो मात्र रातकिड्याचा नव्हे. तो सिकाडा नांवाच्या, झाडाचा रस शोषणाऱ्या किड्याचा. आणि हा किडा ढेकणाच्या गणगोतांतला! रातकिडा नाकतोड्याचा भाऊबंद. शेतांत नेहमीं आढळणारा काळाकुळकुळीत असून त्याच्या पंखांच्या मुळाशीं दोन पिवळसर ठिपके असतात. शास्त्रज्ञ त्याला ‘ग्रायलस बायमॅक्युलेटस’ म्हणतात.

रातकिडा तोंडानें ओरडतो, ही समजूत चुकीची आहे. नराच्या एका पुढच्या पंखाखालीं कानशीसारखी दातेरी शीर असते, आणि दुसऱ्या पंखाच्या कडेला एक टणक धार. पंख किंचित् उचलून मिटतांना ही धार त्या दात्यांवरून घासत जाते आणि पंखाचा पातळ पापुद्रा कंप पावूं लागतो. सेकंदास सुमारें पांच हजार कंपनें. म्हणजे पियानोच्या अगदीं शेवटच्या पट्टीहूनही वरचा स्वर. हवा गार झाली कीं हें घासणें मंदावतें. किरकिर मोजून उष्णतामान काढण्याचें सूत्र अमेरिकेंतील डॉल्बेअर यांनीं १८९७ सालीं मांडलें होतें.

मादी मुकी असते. तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित् खालीं असतात. ती केवळ आवाजाच्या अनुरोधानें येते, हें योहान रेगेन या प्राणिशास्त्रज्ञानें १९१३ सालीं मोठ्या गंमतीदार रीतीनें दाखविलें. त्यानें नराचें गाणें टेलिफोनवरून मादीला ऐकविलें. समोर नर नाहीं, त्याचा वास नाहीं, तरी मादी त्या यंत्राकडे चालत गेली! पुढें ती सुईसारख्या नळीनें ओलसर मातींत अंडीं घालते. पिलें आईबापांसारखींच दिसतात, फक्त त्यांना पंख नसतात. ते अनेकदां कात टाकल्यानंतर येतात.

दुसरा नर जवळ आला, तर गाण्याचा सूर बदलतो. आधीं मिशांची झटापट, मग जबड्यांची. हरलेला नर कित्येक तास झुंजीस उभा राहत नाहीं. चीनमध्यें या झुंजींचा नाद शेंकडों वर्षांचा आहे. हरलेल्या किड्याला हवेंत उडविलें कीं त्याला पुन्हां चेव येतो, असा तेथील शौकिनांचा अनुभव. थोडें उड्डाण केल्यावर हरलेला किडा खरोखरच पुन्हां लढूं लागतो, असें २००० सालीं प्रयोगशाळेंतही दिसून आलें.

परंतु जें गाणें मादीला बोलावतें, तेंच शत्रूलाही वाट दाखवितें. उत्तर अमेरिकेंतील एक माशी नराच्या आवाजावर बरोबर येते आणि त्याच्या अंगावर अळ्या सोडते. अळ्या आंत शिरून त्याला जिवंतपणींच पोखरतात. त्या बाहेर पडल्या कीं किडा मरतो. ही माशी हवाई बेटांपैकीं कवाई येथें पोंचली, आणि तेथील रातकिड्यांचें गाणें ओसरूं लागलें. किडे नाहींसे झाले असावेत, असेंच कोणासही वाटलें असतें. पण रात्रीं दिव्याच्या उजेडांत शोध घेतां नर पुष्कळ सांपडले. त्यांच्या पंखांवरची कानस तेवढी जवळजवळ लोपली होती. अवघ्या वीसांहून कमी पिढ्यांत हा पालट घडला, असें मार्लीन झुक व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें.

मग या मुक्या नरांना मादी मिळते कशी? जे थोडे गाणारे उरले आहेत, त्यांच्या आसपास ते गुपचूप दबा धरून बसतात. आणि गाणें ऐकून निघालेली मादी वाटेंतच त्यांच्यापाशीं येऊन ठेपते.