शरद ऋतू आणि पितरांचे अन्न

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की नागपुरात, महालातल्या जुन्या वाड्यांपासून धरमपेठेतल्या गच्च्यांपर्यंत, रोज कोणा ना कोणाच्या घरी पित्तर जेवतात : पळसाच्या पानावर खीर, वडा, कढी, भाजी वाढायची, पानाभोवती पाणी फिरवायचे आणि कावळा घासाला शिवल्यावाचून घरातल्या कोणी पाटावर बसायचे नाही. हा पंधरवडा आज आपण ज्या स्वरूपात पाळतो ते स्मृतिपुराणांच्या काळात सिद्ध झाले. सूर्य कन्या राशीत असता पितर यमलोक सोडून वंशजांच्या दारी येतात ही त्यामागची समजूत तर राशिगणना आपल्याकडे रुळल्यानंतरचीच असली पाहिजे. परंतु शरदाचा आणि पितरांचा संबंध त्याहून पुष्कळ प्राचीन आहे.

वैदिक काळी दर अमावास्येस अपराह्णी पिंडपितृयज्ञ होत असे. त्याखेरीज चातुर्मास्य यागांपैकी साकमेध हे पर्व कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे ऐन शरदाच्या अखेरीस येई, आणि त्यात महापितृयज्ञाचा अंतर्भाव असे. शतपथ ब्राह्मणाने त्याचा जो तपशील दिला आहे तो मोठ्या ममतेचा आहे. पितरांचे तीन वर्ग कल्पून प्रत्येकास निराळे अन्न सांगितले आहे : सोमवंत पितरांना सहा कपालांवर भाजलेला पुरोडाश, बर्हिषद पितरांना भाजलेले जव, आणि अग्निष्वात्तांना दुसरीचे वासरू पाजणाऱ्या गाईच्या दुधात काडीने एकदाच घुसळलेला मंथ. स्वतःचे वासरू गमावलेल्या गाईचेच दूध पितरांसाठी निवडणाऱ्या त्या याज्ञिकांना कर्मकांडाचे कोरडे उपासक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जानवे उजव्या खांद्यावर घेऊन दक्षिणेकडे वळण्याची रीतही तेथलीच, आणि ती आपल्या भटजींच्या हाती अद्याप शाबूत आहे.

याच ग्रंथाच्या तेराव्या कांडात मृताच्या अस्थींवर टेकाड कसे रचावे याचा विचार आला आहे. ते शरदात रचावे, कारण शरद म्हणजेच स्वधा आणि स्वधा हे पितरांचे अन्न, असा त्यातला युक्तिवाद आहे. आणि पुढे असेही नोंदले आहे की देवपंथी लोक ही टेकाडे चौकोनी करतात, तर प्राच्य व इतर आसुर लोक वाटोळी. नागपूरकर वाचक येथे थबकल्यावाचून राहणार नाही, कारण काटोल मार्गावरच्या जुनापाणीच्या माळावर धोंड्यांच्या वर्तुळांतली अशी वाटोळी दफने शेकड्यांनी पसरली आहेत. मध्यप्रांताचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी ती उकरून पाहिली आणि त्यांची हकीकत १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्तुळांच्या धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांनी त्यांना आपल्या मायदेशातल्या तसल्याच शिळांची आठवण झाली होती. पुढे नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा येथे, आणि १९७० ते १९७२ या काळात माहुरझरी येथे उत्खनने केली. माहुरझरीच्या वर्तुळांत मृतांच्या सोबतीस काळी-तांबडी मडकी, लोखंडाची हत्यारे, मण्यांचे दागिने, इतकेच नव्हे तर घोडेही पुरलेले सापडले, आणि घोड्यांच्या मस्तकांवर तांब्याच्या पत्र्याचे अलंकार होते. परलोकीच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची शिदोरी, शस्त्र आणि वाहन यांत काही उणे राहू नये याची ही तजवीज होती, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

ही वर्तुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. शतपथाचा कालही विद्वान त्याच सहस्रकाच्या पूर्वार्धात धरतात. तथापि जुनापाणीचे लोक म्हणजेच शतपथातले आसुर, असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल, कारण ग्रंथकाराच्या नजरेसमोर पूर्वेकडचा मुलूख होता, विदर्भ नव्हे. शिवाय दगड ऋतू सांगत नाहीत. मृताला अन्न लागते आणि ते पोहोचवणे हे जिवंतांचे देणे आहे, ही एकच भावना मात्र चौकोन करणाऱ्यांत आणि वर्तुळ करणाऱ्यांत समान असावी, असे मला वाटते. युरोपातही क्लूनी मठाचा अधिपती ओदिलो याने सुमारे हजार वर्षांपूर्वी २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतात्म्यांच्या प्रार्थनेस नेमून दिला, तोही शरदातच.

आपल्या पंधरवड्यात तिथीप्रमाणे श्राद्ध करण्याची वहिवाट आहे, सवाष्ण गेलेल्या स्त्रीला नवमी आहे, शस्त्राने मेलेल्यास चतुर्दशी आहे. आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही किंवा चुकली, त्या सर्वांसाठी शेवटची सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी रामटेकला अंबाळा तलावाच्या घाटांवर जे पिंड पडतात त्यांतले कितीतरी केवळ ‘ज्ञात-अज्ञात’ एवढ्याच उल्लेखावर सोडलेले असतात. शतपथाने टेकाडाचा काळ सांगताना घातलेली अट येथे आठवते : मृत्यूनंतर घाई करू नये, किती वर्षे लोटली हे लोकांच्या स्मरणातून गेल्यावरच ते रचावे. ती अट अज्ञात मृतांच्या सोयीसाठी घातलेली नाही, म्हणून सर्वपित्रीचा उगम तीत आहे असे म्हणता येणार नाही; पण हिशेब विसरल्यावरही मृताचे देणे उरते, एवढे मात्र दोन्हींत सारखे आहे असे मला वाटते.