मृत्युपत्रात रानपाखरांचाही वाटा

मृत्युपत्राचा विषय निघाला की घरात कोणीतरी म्हणतेच, "असं अभद्र कशाला बोलता?" पण जमीन, दागिने, पतपेढीतली ठेव यांची सोय हयातीतच लावून ठेवणारा माणूस पुढची भांडणे वाचवतो. मुलाबाळांचे देऊन झाल्यावर एक लहानसा वाटा रानातल्या जिवांसाठीही ठेवता येतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. वाडवडिलांनी देवाच्या नावाने देवराया राखल्या, म्हणून सह्याद्रीत कितीतरी जुनी झाडे आजही उभी आहेत.

कोणी विचारील, बिबट्या शेळी नेतो, रानडुक्कर भुईमूग उकरते. त्यांच्यासाठी वर आणखी पैसे ठेवायचे? प्रश्न रास्त आहे. पण असा पैसा शेतकऱ्याच्याही उपयोगी पडतो. जुन्नर भागात उसात राहणारे बिबटे रात्री उघड्या विहिरीत पडतात. विहिरीला कठडा बांधला तर बिबट्या वाचतो आणि आपले वासरू, लेकरूही वाचते. घुबड तर उंदीर मारून आपलेच धान्य राखते.

इच्छा मात्र नुसती तोंडी सांगू नये आणि मोघम लिहू नये. मुंबई इलाख्यातील एका मृत्युपत्रात काही संपत्ती नुसती 'धरम'साठी ठेवली होती. प्रकरण थेट विलायतेला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. शब्दाचा अर्थ फार मोघम आहे, असे सांगून ते दान १८९९ साली रद्द ठरले. म्हणून "वन्यप्राण्यांसाठी खर्च करावा" एवढेच लिहून भागत नाही. संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि काम लिहावे. संस्था १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी असो की तालुक्यातला एखादा नोंदणीकृत न्यास, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. ती संस्था पुढे बंद पडली तर पैसा कोणाला द्यायचा, हेही लिहावे.

शेतजमिनीपेक्षा रोख रक्कम ठेवणे सोपे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्यास १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याची आडकाठी आहे. त्याच कायद्याखालच्या गुजरातमधील एका प्रकरणात, ही आडकाठी मृत्युपत्रालाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले. रकमेचा आकडा पुढे जड जाईल असे वाटले, तर "सर्वांचे वाटे देऊन उरेल त्यातला दहावा हिस्सा" असे लिहावे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिंदू माणसाला फक्त आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. मुलींचाही त्या मिळकतीत हक्क आहे, हे विसरू नये. मुसलमान कुटुंबात वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साधा कागद चालतो. सही किंवा अंगठा हवा आणि तो पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही मिळणार आहे अशांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे ती केलेली बरी. मन बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते. शेवटचे तेच खरे.

आणि लिहिण्याआधी एकदा मुलांना, सुनांना, लेकींना जवळ बसवून सगळे सांगावे. आपल्या माघारी कागद उघडल्यावर प्रथमच कळलेले दान घरात कोर्टकज्जा आणते; आधी कानावर घातलेले दान मुले अभिमानाने पुरे करतात.