खेळाची तबकडी मित्राला द्यायची नाही?

आपल्या नांदेड-लातूरकडे पूर्वी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट एकाने आणायची आणि साऱ्या गल्लीने फिरवून खेळायची! आज तुझी मला, उद्या माझी तुला.

२०१३ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘एक्सबॉक्स वन’ हे खेळाचे नवे यंत्र जाहीर केले. अट काय, तर यंत्राने दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची. नाही लावली की खेळ बंद! खेळाची तबकडी मित्राला द्यायची तर एकदाच, आणि तो मित्र यंत्रावरच्या तुमच्या यादीत किमान ३० दिवस असला पाहिजे. मैत्रीलाही मुदत!

खेळणारे भडकले. आता सांगा, आपल्याकडे वादळ झालं की दोन-दोन दिवस रेंज येत नाही. वीज आहे, टीव्ही आहे, तबकडी आहे, पण खेळायचं नाही? कंपनीचे डॉन मॅट्रिक म्हणाले, इंटरनेट नसेल त्यांच्यासाठी आमचे जुने ‘एक्सबॉक्स ३६०’ आहेच. आगीत तेलच ओतलं की!

त्याच जूनमध्ये लॉस एंजेलिसला ‘ई-थ्री’ हे खेळ-कंपन्यांचे प्रदर्शन होते. १० जूनला तिथे सोनीने सांगितले, की आमच्या ‘प्लेस्टेशन फोर’ला असली अट नाही. झालं! टाळ्या आणि आरोळ्या थांबेनात. सोनीने एक चिमुकली फिल्मही काढली. त्यात एक जण दुसऱ्याच्या हातात तबकडी देतो. बस्स, एवढंच!

१९ जूनला मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. घरच्यांनी मिळून खेळ वापरायची एक चांगली सोय मिळणार होती, तीही मात्र त्याबरोबर गेली.