एकस्रोत प्रकाशन

एकाच मूळ संहितेपासून छापील पुस्तक, संकेतस्थळ, ई-पुस्तक अशी निरनिराळी रूपे संगणकाकरवी तयार करण्याच्या पद्धतीस एकस्रोत प्रकाशन म्हणतात. मजकूर कसा दिसावा हे मूळ संहितेत नोंदवलेले नसते. तो काय आहे, हे नोंदवलेले असते. डॉकबुक ही मार्कअप भाषा या पद्धतीचे परिचित उदाहरण होय. हॅल कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि ओरायली या कंपन्यांनी १९९१ च्या सुमारास, युनिक्स प्रणालीच्या माहितीपुस्तकांची देवघेव सुलभ व्हावी म्हणून तिची आखणी केली. ती प्रारंभी एसजीएमएलवर आधारलेली होती; पुढे एक्सएमएल स्वीकारण्यात आली.

खुणांचे कार्य

वर्ड प्रोसेसरमध्ये ग्रंथनाम, परकीय शब्द आणि जोर द्यावयाचा शब्द हे तिन्ही बहुधा तिरप्या ठशात टाकले जातात. वाचक संदर्भाने फरक ओळखतो. संगणकाला मात्र केवळ तिरपी अक्षरे दिसतात. डॉकबुकमध्ये तिन्हींसाठी स्वतंत्र खुणा आहेत. त्यामुळे पुढे केवळ ग्रंथनामे जाड ठशात हवी असल्यास एक नियम बदलणे पुरते. लेखकाला हे बंधन आरंभी जाचक वाटते, हेही खरे.

रूपांतर

प्रथम संहितेची पडताळणी होते: प्रकरणाला शीर्षक आहे का, उल्लेखिलेली आकृती अस्तित्वात आहे का, इत्यादी. मग एक्सएसएलटी भाषेतील नियमसंच तिचे रूपांतर करतो. संकेतस्थळासाठी थेट एचटीएमएल पाने मिळतात. ईपब हा तशाच पानांचा बांधलेला गठ्ठा असतो. पीडीएफचा मार्ग लांबचा आहे. आधी एक्सएसएल-एफओ या भाषेत पानाच्या मांडणीचे वर्णन तयार होते आणि अपाची एफओपीसारखी आज्ञावली त्यावरून ओळी व पाने पाडते.

दुसऱ्या प्रकरणाचा हवाला देताना लेखक केवळ त्याची ओळखखूण लिहितो. संकेतस्थळावर तिचा दुवा होतो, तर पुस्तकात पृष्ठक्रमांक. आणि तो पाने पाडल्याखेरीज कळतच नाही. रुंद कोष्टकांचा प्रश्न मात्र कोणत्याही नियमाने पुरता सुटत नाही. कागदावर मावणारे कोष्टक भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मोडतेच.

देवनागरी मजकूर

युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मागून वेलांटी येते. दिसताना क्रम उलटा असतो. संकेतस्थळावर ही अदलाबदल ब्राउझर करतो, पीडीएफसाठी ती जुळणी करणाऱ्या आज्ञावलीला साधावी लागते. तिला ती साधत नसल्यास एकाच संहितेतून संकेतस्थळ शुद्ध आणि पुस्तक अशुद्ध निघते.

युनिकोडपूर्व टंकांतील मजकुराची अडचण याहून मोठी आहे. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असल्याने, डोळ्यांना मराठी दिसणारा मजकूर संगणकाच्या लेखी रोमन चिन्हांची निरर्थक रांग ठरतो. त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठीची वाचक-आज्ञावलीही तो वाचू शकत नाही. असा मजकूर खुणा घालण्यापूर्वी युनिकोडमध्ये आणावा लागतो. या रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असल्याने तो जाणत्या मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जाणे आवश्यक असते.