ड्राइव्हवेवरचा टनभर बर्फ

२०२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराच्या दक्षिणेला असलेल्या ऑर्चर्ड पार्कमध्ये चार दिवसांत सुमारे दोन मीटर बर्फ पडला. वादळ अजून चालू होतं, तेव्हाच इरी काउंटीचे प्रमुख मार्क पोलोनकार्झ यांनी पहिल्या दोन मृत्यूंची बातमी दिली. त्या दोघांना ना गाडीची धडक बसली होती, ना थंडीने गारठून ते गेले होते. बर्फ काढण्याच्या श्रमांनी त्यांच्या हृदयाने हात टेकले होते.

बफेलोला एवढा बर्फ मिळतो तो इरी सरोवरामुळे. नोव्हेंबरात सरोवराच्या पाण्याने उन्हाळ्याची ऊब अजून धरून ठेवलेली असते. गोठवणारा कोरडा वारा त्या पाण्याच्या लांबीवरून वाहत येतो, वाटेत खालून ऊब आणि बाष्प उचलतो आणि किनाऱ्याला लागला की अरुंद पट्ट्यात सगळं रितं करतो. पट्ट्याखालचं गाव गाडलं जातं आणि थोड्या अंतरावरच्या गावाला त्याच दिवशी ऊन मिळू शकतं.

दोन मीटर बर्फाची बातमी होते. वीतभर बर्फाची होत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात असा वीतभर बर्फ हिवाळ्यात अनेकदा पडतो, आणि सकाळी लोक फावडं घेऊन बाहेर येतात. त्यांच्यासमोर नेमकं किती ओझं असतं याचा हिशोब सोपा आहे. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, ६ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब धरू. त्यावर २० सेंटिमीटर बर्फ म्हणजे साडेचौदा घनमीटरच्या आसपास. ताजा, कोरडा बर्फ बहुतांश हवाच असतो. त्याचं वजन घनमीटरला शंभर किलोच्या आसपास धरलं, तरी हे ओझं सुमारे १,४५० किलो होतं. तापमान शून्याच्या जवळ असताना पडणारा ओलसर बर्फ याच्या अडीचपट भारी असू शकतो. मग तोच ड्राइव्हवे साडेतीन टनांवर जातो. खिडकीतून पाहताना दोन्ही दिवशी बर्फ सारखाच पांढरा दिसतो, जाडीही सारखीच असते. फरक पहिलं फावडं उचलल्यावर कळतो.

बर्फ हा विलक्षण पदार्थ आहे, कारण तो कायम आपल्या वितळणबिंदूच्या उंबरठ्यावर असतो. उणे ५ अंश सेल्सियस म्हणजे केल्विन मोजपट्टीवर २६८, आणि बर्फ वितळतो २७३ ला. पोलाद त्याच्या वितळणबिंदूच्या इतक्या जवळ नेलं तर ते पांढरंफेक तापलेलं असेल. आपल्याला हाडं गोठवणारी वाटणारी थंडी बर्फाच्या दृष्टीने चांगलीच उष्ण असते, आणि त्यामुळे त्याचे रेणू स्वस्थ बसत नाहीत. हिमकणांच्या टोकदार कडांवरून ते सुटतात आणि जिथे दोन कण एकमेकांना टेकलेले असतात त्या खाचेत जाऊन बसतात. खाच भरत जाते, दोन कणांमध्ये मान तयार होते आणि ती जाड होत जाते. पावसाळ्यात बरणीतलं मीठ गच्च होतं तसा भुसभुशीत ढीग काही तासांत एकसंध होतो. हवेत ऊब नसली, काहीही वितळलं नाही, तरी हे घडतं. इन्युइट लोकांचं इग्लू बर्फाच्या याच गुणावर उभं राहतं.

ड्राइव्हवे साफ करणाऱ्याला या गुणाचा सगळ्यात वाईट अनुभव येतो तो रस्त्याच्या कडेला. नगरपालिकेचा नांगर, म्हणजे पुढे मोठं पातं लावलेला ट्रक, रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटत जातो आणि प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी एक बांध घालून ठेवतो. त्या रगडण्यात हिमकणांचे नाजूक फाटे मोडतात, चुरा दाटीने बसतो, आणि एकमेकांना टेकणाऱ्या जागा कितीतरी वाढतात. मग जोडणी झपाट्याने होते. त्यात रस्त्यावरचं खारट पाणीही असतं. तासाभरापूर्वी फुंकरीने उडावा असा बर्फ आता फावड्याला दाद देत नाही. ऑफिसला निघायची घाई, गाडी बाहेर काढायला फक्त एवढाच बांध आडवा, आणि अंगातली शक्ती आधीच संपत आलेली. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा भाग हाच.

या कामाचा हृदयावर किती भार पडतो हे मिशिगनमधल्या विल्यम बोमाँट हॉस्पिटलमध्ये बॅरी फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. १९९५ मध्ये त्यांचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. व्यायामाची खास सवय नसलेले दहा निरोगी, तरुण पुरुष त्यांनी घेतले आणि त्यांना ओला, जड बर्फ काढायला लावला. मिनिटाला साधारण बारा फावडी, प्रत्येक फावड्यात सात किलोंहून थोडं जास्त. दहा मिनिटांत माणूस नऊशे किलोंच्या आसपास बर्फ हलवत होता. पण दहा मिनिटांपर्यंत थांबायची गरजच पडली नाही. दोनच मिनिटांत या तरुणांच्या हृदयाची गती त्यांच्या कमाल गतीच्या ८५ टक्क्यांवर गेली होती. पुढे ती सरासरी १७५ झाली. ट्रेडमिलवर अगदी दमेपर्यंत पळवल्यावर याच माणसांची गती १७९ होती, म्हणजे जवळपास तेवढीच. रक्तदाबाचा वरचा आकडा मात्र बर्फ काढताना १९८ वर पोहोचला, ट्रेडमिलपेक्षाही वर.

मला या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची नोंद वेगळीच वाटते. बर्फ काढताना शरीराचा ऑक्सिजनचा वापर ट्रेडमिलच्या जेमतेम साठ टक्के होता. हृदय पूर्ण ताकदीने धावत होतं आणि शरीराकडून त्या मानाने काम होत होतं कमी. याचं मूळ आपल्या बांधणीत आहे. पळताना, जिना चढताना मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करतात, आणि आकुंचन पावताना पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतातही. बर्फ काढताना पाय बहुतेक वेळ एका जागी रोवलेले असतात. सगळा भार दंड, खांदे, पाठ यांच्या लहान स्नायूंवर येतो, आणि तेही घट्ट आवळलेल्या स्थितीत. आवळलेल्या स्नायूतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्यांतून रक्त पुढे ढकलायला हृदयाला जास्त दाब लावावा लागतो. जड फावडं उचलताना आपण नकळत श्वास रोखून धरतो, त्याने दाब आणखी उसळतो.

यावर थंडी आहेच. गार हवा चेहऱ्याला आणि छातीत लागली की उष्णता वाचवण्यासाठी शरीर त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि रक्तदाब चढतो. ज्यांच्या हृदयाच्या धमन्यांत आधीच चरबीचे थर साचलेले असतात, त्यांच्या त्या धमन्याही थंडीने आकसू शकतात. हृदयाची रक्ताची मागणी वाढते त्याच क्षणी पुरवठा घटतो. शिवाय हे सगळं चालतं सकाळी. झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत रक्तदाब चढता असतो, रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, आणि हृदयविकाराचे झटके एरवीही याच वेळेत जास्त येतात.

ओहायोतल्या संशोधकांनी १९९० ते २००६ या सतरा वर्षांतल्या अमेरिकी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या नोंदी तपासल्या. वर्षाला सरासरी ११,५०० माणसं बर्फ काढताना झालेल्या त्रासासाठी तिथे पोहोचत होती. सगळ्यात जास्त तक्रारी कंबरेच्या. हृदयाच्या तक्रारी १०० मध्ये सातच. पण सतरा वर्षांत जे १,६४७ मृत्यू झाले, ते सगळे हृदयाचे होते.

क्यूबेक प्रांताचा अभ्यास याहून मोठा. माँट्रियल विद्यापीठाच्या नताली ऑजे आणि त्यांच्या गटाने १९८१ ते २०१४ मधल्या हिवाळ्यांतल्या हृदयविकाराच्या नोंदी पडलेल्या बर्फाशी ताडून पाहिल्या. २० सेंटिमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांत झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि मृत्यूची ३४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही. फावडं कोणाच्या हाती होतं याची नोंद त्या कागदपत्रांत नव्हती, पण ते बहुधा पुरुषांच्या हाती असावं, हा संशोधकांचा तर्क पटण्यासारखा आहे.

आपल्या वाचकांसाठी हा विषय दूरचा नाही. न्यू जर्सी, बोस्टन, शिकागो, टोरांटो इथे आपली मुलं-नातवंडं राहतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतासह दक्षिण आशियातल्या पाच देशांतल्या लोकांना पहिला झटका सुमारे ५३ व्या वर्षी आला होता. बाकीच्या देशांत हे वय जवळपास ५९ होतं. परदेशी स्थायिक झाल्याने हा धोका मागे राहत नाही. म्हणून बेचाळिशीतला, दिवसभर संगणकासमोर बसणारा, साखर किंवा रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झालेला मुलगा आठवड्यातून एकदा जोरात बर्फ उपसतो तेव्हा मला काळजी वाटते. त्याहून जास्त काळजी आईबाबांची. बाळंतपणासाठी हिवाळ्यात आलेले असतात, मुलगा मीटिंगमध्ये अडकलेला असतो, आणि बाबा ‘तेवढंच दार मोकळं करतो’ म्हणत उठतात. पुण्यात रोज पर्वती चढत होतो हा त्यांचा भरवसा खोटा नाही, पण पर्वती पायांनी चढतात. हातांच्या कामाला, श्वास कोंडणाऱ्या थंडीत, ती तयारी पुरत नाही. स्टेंट घातलेल्या, बायपास झालेल्या किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेल्या माणसाने फावड्याला हात लावू नये, असं मी स्पष्टच सांगेन.

बाकीच्यांनी बर्फाचे गुण ओळखून काम केलं तर ओझं खरोखर कमी होतं. वादळ चालू असतानाच दर काही इंचांनी साफ करावं. एकूण वजन तेवढंच राहतं, पण प्रत्येक थर पातळ असतो, उचलण्याऐवजी ढकलता येतो, आणि त्याला एकजीव व्हायला वेळ मिळत नाही. गाडीचं चाक किंवा बूट त्यावरून जाण्याआधी काढलेला बर्फ काँक्रीटला चिकटून बसत नाही. उचलावंच लागलं तर अर्धं फावडं, गुडघ्यात वाकून, उचलताना श्वास सोडत. नांगराचा बांध कडक होण्याआधी हाती घ्यावा. तोंडावर मफलर असला की आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते. बर्फ फेकणारं यंत्र परवडत असेल तर घ्यावं. फ्रँकलिन यांच्या प्रयोगात यंत्र वापरताना हृदयाची सरासरी गती १२४ च होती. मात्र यंत्र तुंबलं तर इंजिन बंद केल्यावरही आत हात घालू नये. अडकलेल्या पात्यात ताण शिल्लक असतो, आणि तो सुटला की बोटं जातात. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखू लागलं, धाप लागली, गार घाम आला, तर स्नायू आखडला असेल म्हणून काम रेटू नये. फावडं टाकून ९११ ला फोन करावा.

मग उरलेला बर्फ वितळवायला मीठ. बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही पाण्याचा अतिपातळ थर असतो. मीठ त्यात विरघळतं आणि पाण्याच्या रेणूंना परत बर्फात बसणं अवघड करतं. २३ टक्के मिठाचं द्रावण उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही, पण हे प्रयोगशाळेतलं टोक झालं. पदपथावर उणे ९ अंशांच्या खाली साधं मीठ इतकं मंदावतं की टाकून फारसा उपयोग नाही. तिथे विरघळताना स्वतः उष्णता सोडणारं कॅल्शियम क्लोराइड चालतं. जाड थरावर मीठ ओतणं हा वायफळ खर्च आहे. आधी फावडं, मग उरलेल्या पापुद्र्यावर विरळ मीठ. टाकलेला प्रत्येक दाणा वसंतात ओढ्यात आणि तळ्यात जातो आणि तिथेच राहतो, कारण क्लोराइड कुजत नाही, विघटित होत नाही. चहाचा एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर गोड पाणी जलचरांना हानिकारक करायला पुरतं, हे मिनेसोटात नागरिकांना आवर्जून सांगितलं जातं.

ड्राइव्हवे आपला, पण पदपथ तर सगळ्यांचा. तरी अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत त्याच्या सफाईचा भार कायद्याने लगतच्या घरमालकावर टाकलेला आहे. न्यूयॉर्क शहरात रात्री ९ नंतर बर्फ थांबला तर सकाळी ११ पर्यंत पदपथ मोकळा हवा, नाहीतर दंड. पंचाहत्तरीच्या एकट्या माणसालाही हीच मुदत. माँट्रियलमध्ये पदपथांवरून महापालिकेचीच छोटी यंत्रं फिरतात, आणि मला हीच व्यवस्था न्याय्य वाटते. रस्ता सरकारने मोकळा करायचा आणि पायी चालणाऱ्याची वाट म्हाताऱ्यांच्या पाठीवर सोडायची, हे पटत नाही. शिकागोने निदान ‘स्नो कोअर’ नावाची योजना काढली, तीत स्वयंसेवक वृद्धांच्या आणि अपंगांच्या घरासमोरचा बर्फ काढून देतात. उत्तर अमेरिकेतली आपली महाराष्ट्र मंडळं गणेशोत्सवासाठी शेकडो स्वयंसेवक उभे करतात. त्याच यादीतून डिसेंबर ते मार्चसाठी प्रत्येक भागातली दोन-चार तरुण मुलं ठरवून ठेवता येतील, आणि ज्या घरात फक्त आजी-आजोबा आहेत त्या घरांचे पत्ते त्यांच्याकडे देता येतील.